मांजरी पाळलेल्या घरात राहायला जाण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. तुम्ही इंदूरला एका मल्टीत (इथे फ्लॅटच्या इमारतीला मल्टी म्हणतात) बारा वर्षं जुना तीन बेडरूमचा फ्लॅट घेतलात. आधीच्या मंडळींकडे दोन पर्शियन मांजरी होत्या आणि त्यांना घरभर मोकळीक होती. ते लोक जूनमध्ये गेले, रजिस्ट्री झाली, किल्ली तुमच्याकडे आली. तुमच्या सात वर्षांच्या मुलीला दमा आहे, आणि घर बघायला नेलंत तेव्हा अर्ध्या तासात तिला शिंका आणि खोकला सुरू झाला. दिवाळीत तिथे राहायला जायचं मनात आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: कोणतं केमिकल मारावं, नुसता रंग दिला तर पुरेल का, आणि मालकांनी मागे ठेवलेला सोफा, पडदे आणि बॉक्सबेड वापरावा का.

मी डॉक्टर नाही. जुनी घरं राहण्याजोगी करून देणं हा माझा धंदा: रंग, पुट्टी, सुतारकाम आणि त्याआधीची सफाई. इंदूरमध्ये हेच काम करता करता केस पांढरे झाले. कुत्री-मांजरी पाळलेल्या घरांची कामं अलीकडे बरीच येतात, त्यामुळे घराबद्दल जे सांगतो ते हाताखालून गेलेलं आहे. मुलीच्या तब्येतीबद्दल जिथे लिहीन तिथे शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचा.

आधी त्या ‘केमिकल मारण्या’बद्दल. तिथे मारण्यासारखं काही नाहीच. मांजरीची ॲलर्जी बहुतेकांना तिच्या केसांची नसते. मांजरीच्या लाळेत आणि कातडीखालच्या तेलग्रंथींत एक प्रथिन तयार होतं, त्याचं नाव फेल डी १. मांजर दिवसभर अंग चाटते, लाळ वाळते, कोंड्याच्या कणांवर बसून ते प्रथिन घरभर पसरतं. त्यातले बरेच कण पाच मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक. असे कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि चिकट असल्यामुळे भिंतीला, कपड्याला, पंख्याच्या पात्यालाही धरून बसतात. हे काही जंतू नव्हेत. फिनाईल, कडुनिंबाची धुरी, कापूर, डेटॉल, ‘सॅनिटायझेशन’वाल्यांचं फॉगिंग यांतलं काहीही केलंत तरी ते तिथेच राहतं, वर एक नवा वास तेवढा येतो. गादी उन्हात टाकली तर धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) कमी होतात, पण हे प्रथिन उन्हाला दाद देत नाही. ते घरातून बाहेर काढावं लागतं: पुसून, धुऊन, शोषून, नाहीतर ज्या वस्तूत मुरलंय ती वस्तूच बाहेर नेऊन.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न केमिकलचा नाही. ते कुठे कुठे साठलंय आणि मुलगी तिथे झोपायला कधी लागणार, हे दोन प्रश्न खरे.

पण त्याच्याही आधी एक शंका. त्रास मांजरींमुळेच झाला, हे तपासलंय का? बंद फ्लॅट, पावसाळा, मागे राहिलेला कापडी सोफा. अशा घरात मांजर नसती तरी दमेकरी मूल शिंकलं असतं. राजेंद्रनगरकडच्या एका घरात मंडळी मांजरीला दोष देत होती, आणि आम्ही कपाट सरकवलं तर मागची अख्खी भिंत काळ्या बुरशीने भरलेली. बाथरूमचा पाइप आतून गळत होता. पाइप दुरुस्त केल्यावर आणि प्लास्टर सुकल्यावर त्यांचा बराच त्रास गेला. तेव्हा मुलीची ॲलर्जीची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. त्वचेवर सुईने टोचून करतात ती किंवा रक्ताची, यांतली कोणती हे डॉक्टर ठरवतील. त्वचेची करायची असेल तर ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस, साधारण आठवडाभर, आधी थांबवाव्या लागतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा. दम्याचा पंप मात्र आपल्या मनाने मुळीच बंद करायचा नाही. तपासणीत मांजर निघाली तर पुढचं सगळं तुम्हाला लागू. माइट्स किंवा बुरशी निघाली तर खर्चाची दिशाच बदलेल. दोन्ही निघणंही अगदी शक्य आहे.

समजा मांजरच आहे. मग वेळेचा हिशोब मांडू. अमेरिकेत १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातून मांजर गेल्यावर धुळीतलं हे प्रथिन किती दिवसांत उतरतं, ते त्यात मोजलं होतं. मांजर नसलेल्या घरांच्या पातळीला यायला बऱ्याच घरांना २० ते २४ आठवडे लागले. ज्यांनी गालिचे आणि गादीचं फर्निचर काढून टाकलं, त्यांच्याकडे ते बरंच लवकर उतरलं. आपल्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नसतो, फरशी असते, ही आपली जमेची बाजू. पण त्या आकड्यावरून ‘जूनपासून दिवाळीपर्यंत वीसेक आठवडे होतातच, आपोआप जाईल’ असा अर्थ काढू नका. ती राहती घरं होती. तिथे झाडलोट होत होती, वारा खेळत होता. कुलूप लावलेल्या फ्लॅटमध्ये धूळ जिथल्या तिथे बसून राहते. बंद घराचे आठवडे मी मोजतच नाही. सफाई झाली की तिथून मोजायला सुरुवात करायची.

आता सामानाकडे वळू, कारण निम्मी लढाई तिथेच आहे.

सोफा ठेवू नका. पडदे ठेवू नका. बॉक्सबेडवरची गादी तर नकोच. मालकांनी प्रेमाने दिलंय, सोफा महागाचा आहे, नुसतं ड्रायक्लीन करून चालेल, असं तुमच्या घरात कोणीतरी म्हणणारच. नाही चालत. फोमच्या आत काय गेलंय ते वरून शोषून निघत नाही, आणि गाद्यांमध्ये तर हे प्रथिन वर्षानुवर्षं टिकतं. जिथे कोणाला दमा-ॲलर्जी नाही अशा घरी ते सामान खरी गोष्ट सांगून देऊन टाका. गादी रोजच्या कचरागाडीत टाकायची वस्तू नाही. महापालिकेच्या झोनच्या ऑफिसात विचारून वेगळी सोय करा. बाहेर नेताना सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्या, नाहीतर लिफ्टपर्यंतच्या वाटेवर तेच पुन्हा झटकलं जाईल. बॉक्सबेडचा सांगाडा मात्र सनमायका लावलेला असेल तर राहू द्या. आतले खण रिकामे करून धुऊन-पुसून घ्या. आतून उघडा प्लाय असेल तर त्याबद्दल पुढे सांगतो.

इथे एका घराची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तुमच्याकडेही तेच असू शकतं. सुदामानगरात एका कुटुंबाने मांजरीचं घर घेतलं, नवा रंग दिला, नव्या गाद्या आणल्या, सोफा विकला. तरी घरातल्या आजींना रात्री झोपल्यावरच त्रास व्हायचा, दिवसा काही नाही. सगळ्यांनी एसीला दोष दिला, तो दोनदा धुऊन झाला. आम्ही बघायला गेलो तेव्हा पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर कापडी पॅडिंगचं पॅनेल होतं, बटणं मारलेलं, भिंतीत स्क्रूने घट्ट बसवलेलं. ते ‘फर्निचर’ आहे असं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, रंगाऱ्यानेही त्याच्या कडेकडेने रंग काढला होता. पॅनेल उतरवलं तर मागे मांजरीच्या केसांचा थर. आजींचं डोकं रोज रात्री त्यालाच टेकत होतं. म्हणून घर रिकामं झाल्यावर एकदा फक्त कापड आणि फोम शोधत फिरा. भिंतीवरचं पॅडिंग, खिडकीतल्या बैठकीची गादी, पेल्मेटच्या (पडद्याची दांडी झाकणाऱ्या पेटीच्या) आतलं अस्तर, दारामागचं पायपुसणं, स्टडी टेबलाच्या खुर्चीची सीट, जिन्याखाली राहिलेलं मांजरीचं खांब-झाड. पर्शियन मांजरी पाळणाऱ्यांकडे ते दोरी गुंडाळलेलं खांब-झाड हमखास असतं.

आता भिंती. इथे सगळं कोणता रंग आहे यावर ठरतं. प्लास्टिक इमल्शन असेल तर भिंत धुता येते, काम सोपं. डिस्टेंपर असेल तर ओला कपडा लावताच रंग हाताला येतो. ती भिंत पुसता येत नाही, खरवडावीच लागते. ओळखायला सोपं: कोपऱ्यात ओलं बोट घासून पाहा, पांढरी भुकटी बोटाला लागली तर डिस्टेंपर.

इमल्शनच्या भिंतीला बादलीभर कोमट पाण्यात थोडं लिक्विड डिटर्जंट घाला. मायक्रोफायबरचं कापड वरून खाली फिरवा आणि दुसऱ्या बादलीत स्वच्छ पाणी ठेवून त्याने पुन्हा पुसा. पाणी गढूळ झालं की फेका. बायका-माणसं एकाच बादलीत तीन खोल्या उरकतात, आणि तिथेच काम वाया जातं: पहिल्या खोलीतून काढलेलं तिसऱ्या खोलीला लागतं. बोअरिंगच्या जड पाण्यात साबण नीट फसफसत नाही आणि भिंतीवर पांढुरका थर राहतो, म्हणून शेवटचा हात नर्मदेच्या, म्हणजे नळाच्या पाण्याचा द्या. तुमच्या मल्टीत ते एक दिवसाआड येत असेल तर टाकी भरून ठेवून त्याप्रमाणे दिवस ठरवा. जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंतची भिंत आणि बाहेर आलेले कोपरे यांवर जास्त मेहनत घ्या. मांजर अंग घासते ते तिथेच, नीट बघितलंत तर एक तेलकट पट्टा दिसेलही.

डिस्टेंपर खरवडायचं असेल तर आधी पाणी मारून भिंत ओली करा. कोरडी घासणी म्हणजे जे भिंतीला चिकटून होतं ते हवेत सोडणं. कारागीर कुरकुर करतील, ओल्यात हात लवकर चालत नाही म्हणतील, पण ऐकू नका. मजुरांना चांगले मास्क द्या, साधा रुमाल नव्हे, एन-९५ तरी हवा. आणि मुलगी त्या दिवशी मल्टीच्या खालीसुद्धा नको.

रंग पुरेल का, या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. धुतलेल्या किंवा खरवडलेल्या भिंतीवर प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात दिले की उरलंसुरलं खाली दबतं, भिंत गुळगुळीत होते आणि पुढे धूळ कमी धरते. न धुता रंग मारला तर तेलकट डाग महिनाभरात वर येतो आणि रंग तिथून पोपडे धरतो. शिवाय भिंती म्हणजे घराचा एक भाग झाला. पंखे, कपाटं, एसी यांना रंगाने काय होणार?

छताकडे जाऊ. हॉलमध्ये पीओपीचं छत आणि कडेने लाइट लपवायची खाच असेल तर शिडीवर चढून त्या खाचेत हात घालून बघा. मांजरी कपाटावर चढतात, तिथून माळ्यावर, आणि काही तर पेल्मेटवरून त्या खाचेत जाऊन झोपतात. त्या खाचेत झाडू चालत नाही, व्हॅक्यूमची बारीक नळीच घालावी लागते, मग ओला कपडा. पंख्याची पाती, पंख्याचा वरचा कप, ट्यूबलाइटची पट्टी, दारांच्या चौकटींची वरची कड, खिडकीच्या सरकत्या काचांचे ट्रॅक, मच्छरजाळी. जाळ्या काढून बाथरूममध्ये ब्रशने धुवा. कापडी असतील तर बदलाच.

लाकडात एक बारकावा आहे. सनमायका किंवा पॉलिश असलेला भाग पुसला की झालं. पण कपाटाची मागची बाजू, खणांचे तळ, बेडच्या आतला भाग बहुधा उघडा प्लाय असतो. तो शोषून घेतो आणि नुसत्या पुसण्याने सुटत नाही. मी तो आधी व्हॅक्यूम करतो, दमट कापडाने पुसतो, पूर्ण वाळू देतो आणि पाण्यावर चालणारा सीलर मारतो. तेलावर चालणारं पॉलिश, मेलामाइन किंवा इनॅमल नको. त्याचा वास कित्येक दिवस राहतो, आणि दमेकरी मुलाला तो वास मांजरीइतकाच त्रास देऊ शकतो. एक ॲलर्जी काढायच्या नादात दुसरा त्रास घरात आणायचा नाही.

एसीबद्दल लोक घाईने फोन करतात आणि घाईत चुकीच्या वेळी सर्व्हिस करून घेतात. पहिल्या दिवशी एसी बंद करा आणि आतल्या युनिटला प्लास्टिक गुंडाळा. घासणी, खरवडणी, पुट्टी सगळं संपल्यावर मग सर्व्हिसवाल्याला बोलवा. त्याला स्पष्ट सांगा: फिल्टर धुऊन चालणार नाही, कॉइल, आतला गोल ब्लोअर आणि पाण्याचा ट्रे, सगळं खाली पिशवी लावून प्रेशरने धुवायचं. ब्लोअरच्या बारीक पात्यांत चिकटलेला काळसर थर बाहेर आला की तुमचं तुम्हालाच कळेल की मी का आग्रह धरतोय. कूलर मागे ठेवला असेल तर त्याचे पॅड फेकून द्या, मग ते खसाचे असोत की लाकडाच्या किसाचे, आणि टाकी घासून काढा. एग्झॉस्ट फॅन विसरू नका.

फरशी सर्वांत शेवटी, कारण वरचं सगळं तिथेच येऊन पडतं. फुलझाडू वापरू नका, तो धूळ उडवतो. व्हॅक्यूम, मग ओला पोछा. व्हॅक्यूम हेपा फिल्टरचा आणि सीलबंद हवा. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर. साध्या मशीनमधून बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत येतात. विकत घ्यायचा नसेल तर भाड्याने आणा, पण सफाई कंपनीवाल्याकडचं मशीन आधीच्या घरातून थेट आणलेलं असेल तर त्याची पिशवी आणि फिल्टर तुमच्यासमोर बदलायला लावा. काम झाल्यावर खोली बंद करून, पंखा न लावता रात्रभर सोडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोछा मारा. हवेत राहिलेलं खाली बसतं आणि तेही निघतं. ही दुसरी फेरी लोक टाळतात, पण माझा सगळा भरवसा तिच्यावरच.

मांजरींच्या लघवीच्या जागा वेगळ्या. वास आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी, पण वास राहिला तर तुमचं मन शांत होणार नाही. पावसाळी दमट हवेत तो वास वर येतो, म्हणून जागा शोधायला आत्ताचे दिवस चांगले. रात्री दिवे बंद करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा, डाग पिवळट-हिरवे चमकतात. युटिलिटी बाल्कनी, दारांचे खालचे कोपरे, स्कर्टिंग, फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट या जागा आधी बघा. त्यावर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो तो एन्झाइमचा क्लीनर भरपूर ओता, बाटलीवर लिहिलेला वेळ ओलाच राहू द्या, मग धुवा. इथले मजूर अशा जागी थेट ॲसिड किंवा ब्लीच ओततात. दोन्ही करू देऊ नका. लघवीवर ब्लीच पडलं की घातक वाफा सुटतात, आणि ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायूच तयार होतो. दमेकऱ्याच्या घरात तर ही जोखीम नकोच. लाकडी दाराची खालची कड फुगली असेल तर ती पट्टी कापून नवी लावा, धुण्यात वेळ घालवू नका.

ओझोन मशीन लावून ‘एका दिवसात घर शुद्ध’ करून देणारे हल्ली भेटतात. ओझोन स्वतःच फुप्फुसांना त्रासदायक आहे, आणि प्रथिन काढण्याचं काम तो करत नाही. नम्रपणे नाही म्हणा.

काम कधी काय करायचं, तेही सांगतो. आता श्रावण आहे, भिंतीतला ओलावा जात नाही, पुट्टी वाळत नाही. रंगाची घाई केलीत तर दिवाळीलाच भिंतीला फोड दिसतील. म्हणून सामान बाहेर काढणं आणि धुण्या-पुसण्याचं काम आत्ता, पावसातच करून घ्या. ओलं कामच आहे ते. मग रोज नाही तर एक दिवसाआड कोणीतरी जाऊन दोन तास समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, ऊन असेल त्या वेळी. पाऊस उघडला, साधारण सप्टेंबर संपता संपता, की पुट्टी, प्रायमर आणि रंग. त्यानंतर एसी आणि शेवटची फरशीची फेरी. रंगाचा वास जायला तीन-चार आठवडे उघड्या खिडक्या मिळाल्या तर उत्तम.

वास्तुशांत या क्रमात कुठे बसवायची, हेही लोक विचारतात. सफाईनंतर, राहायला जाण्याआधी. होम करायचा असेल तर छोटा करा, खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलीला तेवढा वेळ आजोळी ठेवा. गुरुजी समजून घेतात. होमाच्या धुराचा मांजरीशी संबंध नाही, पण तो धूर लागून खोकला सुरू झाला तर ‘मांजर अजून आहे’ असं वाटून सगळे पुन्हा घाबरतील.

दिवाळीत राहायला जाता येईल का? लक्ष्मीपूजन त्या घरात खुशाल करा. मुलीने रात्री तिथे झोपावं का, हे त्या तारखेवर ठरवू नका. काम झाल्यावर, डॉक्टरांना सांगून आणि पंप जवळ ठेवून, आधी तिला दिवसा तास-दोन तास न्या. काही झालं नाही तर दुसऱ्या वेळी अर्धा दिवस. मग एक रात्र. मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा, म्हणजे त्रास झालाच तर कशामुळे झाला ते कळतं. रात्रीची फेरी सर्वांत महत्त्वाची, कारण तेव्हा मुलगी आठ-नऊ तास एकाच खोलीतली हवा घेत असते. म्हणून पैसे कमी पडत असतील तर सगळ्या घरावर थोडे थोडे उधळू नका, तिच्या खोलीवर पूर्ण खर्च करा: नवी गादी, चेन असलेलं माइट्स अडवणारं कव्हर, धुता येतील असे सुती पडदे किंवा रोलर ब्लाइंड, आणि कापडी खेळणी कमीत कमी.

त्या खोलीत एअर प्युरिफायर लावावा, असं माझं मत. घेताना खोलीचा हिशोब करा. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट असेल तर आत १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाचदा गाळली जावी असं धरलं तर मशीनचा स्वच्छ हवा देण्याचा आकडा (सीएडीआर) किमान १७० घनमीटर प्रतितास हवा. दुकानदार ‘पूर्ण हॉलला चालेल’ म्हणेल, तुम्ही बॉक्सवरचा हा आकडा बघा. आयनायझरचं बटण असेल तर बंद ठेवा. आणि हे मशीन सफाईच्या जागी नाही, सफाईनंतर. भिंतीवर आणि गादीत बसलेलं ते ओढून घेत नाही.

कुत्र्यांबद्दल अजून कोणी वाचत असेल तर दोन ओळी. कुत्र्याचं मुख्य प्रथिन वेगळं, कॅन एफ १, पण तेही लाळेत आणि कोंड्यातच, आणि सफाईची रीत हीच. ‘ॲलर्जी न देणारी जात’ म्हणून विकली जाणारी कुत्री ज्या घरांत होती तिथेही धुळीत हे प्रथिन सापडतं, त्यामुळे आधीच्या मालकाने तसं सांगितलं म्हणून सफाई सोडू नका.

दोन गोष्टी घराबाहेरच्या. मल्टीच्या डक्टमध्ये किंवा गच्चीवर मोकाट मांजरी पिल्लं घालतात, आणि जिथे आधी मांजरी होत्या, खायला मिळत होतं, तिथे त्या वासाने येतात. डक्टकडच्या खिडकीला आणि युटिलिटीला लोखंडी जाळी आधीच बसवून घ्या. दुसरं, हे प्रथिन कपड्यांवरून फिरतं. मांजर पाळणाऱ्यांच्या मुलांच्या गणवेशावरून ते शाळेच्या वर्गात येतं, तिथून तुमच्या घरी. म्हणून घर शून्यावर येईल अशी अपेक्षा धरू नका. मुलीला त्रास होणार नाही इतकं खाली आणणं, एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते बहुतेक घरांत जमतं. राहायला गेल्यावर आठवड्यातून एकदा ओल्या कापडाने खोली, पंखा, खिडकी, आणि चादरी-उशांची कव्हरं गरम पाण्यात. माइट्ससाठी ६० अंश लागतात. मांजरीचं प्रथिन कोमट पाणी, डिटर्जंट आणि भरपूर खंगाळण्यानेही निघतं.

पुढचं सांगायला मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: ओलं बोट घासल्यावर भिंतीवरून भुकटी आली का, हॉलच्या पीओपीला खाच आहे का, आणि मुलीच्या तपासणीत काय निघालं. भिंत डिस्टेंपरची असेल तर मजुरीचा अंदाज बराच वर जाईल, म्हणून कोणालाही ठेका देण्याआधी ते बोट घासून बघाच.